गाद्यांच्या खोलीतलं सावधान

सिंदी रेल्वे या गावच्या मधुकरराव उगेमुग्यांना दोन आवाज आहेत. पहिला गादीच्या दुकानातला: "अबे, कापूस डोक्यात भरून राह्यला का? उशीत भर नं!" दुसरा रेकॉर्डिंगचा. हा नाकातून निघतो, टाळूला टेकून जरासा विसावतो आणि मग अलगद माइकवर उतरतो: "नमस्कार, रसिकहो. मी मधुकर. आपल्यासमोर एक भक्तिगीत सादर करण्याचा अल्पसा प्रयत्न करीत आहे." या आवाजातला 'ळ' साजूक तुपात तळलेला असतो. नव्या माणसाला दोन्ही आवाज एकाच गळ्यातले वाटत नाहीत. खात्री पटते ती दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये आले की. "...अल्पसा प्रयत्न करीत आहे. शोभे! कुकर बंद कर नं व! कितीदा सांगतलं!"

छंद लागला तो पन्नाशीच्या तोंडावर. "दुसऱ्यायच्या नवऱ्यायले या वयात शुगर होते, आमच्या याह्यले गाणं झालं," असं शोभाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. एकुलती एक लेक अंजू नागपूरला नोकरीला लागली, घर रिकामं झालं, आणि लहानपणी भजनी मंडळात पेटी वाजवलेली बोटं वळवळायला लागली. अंजूनेच एक छोटासा माइक आणून दिला, मोबाइलमध्ये रेकॉर्ड कसं करायचं ते शिकवलं. जागा तर तयारच होती. दुकानामागे गाद्या रचून ठेवायची खोली. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या. तिथे टाळी वाजवली तर हातातल्या हातात विझते.

शत्रू एकच, रेल्वे. घराच्या मागून नागपूर–वर्धा लाइन जाते. पॅसेंजर गाड्यांचं एक वेळापत्रक असतं, मालगाडीचं काहीच नसतं. पण मधुकररावांनी त्यावर तोड काढली होती. खोलीच्या कोपऱ्यात एक जुनं लोखंडी कपाट होतं. गाणं सुरू करायच्या आधी ते डावा हात त्याच्या पत्र्यावर ठेवायचे. बोटातली पोवळ्याची अंगठी पत्र्याला लागून टक वाजायची. गाडी कानाला ऐकू यायच्या पुष्कळ आधी त्या पत्र्यात मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. मग हात वर. "थांबा. मालगाडी हाय. दूर हाय अजून. पाणी-गिणी पिऊन घ्या." हात ठेवल्याशिवाय त्यांनी एक ओळ कधी गायली नाही.

गाडी नाही म्हटल्यावर बाकीच्यांची हकालपट्टी. पंखा बंद, कूलर बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली. शोभाबाईंची रवानगी शेजारच्या प्रमिलाबाईंकडे. एप्रिलच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, घामाने निथळत मधुकरराव गायचे. गाणं मग परिवाराच्या ग्रुपवर जायचं. कोणी हात जोडायचं, कोणी अंगठा दाखवायचं. एका म्हाताऱ्या काकाजींनी तर एकदा घाईघाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली. मधुकररावांनी तीही दाद म्हणून स्वीकारली.

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना योगेंद्र आला.

योगेंद्र म्हणजे शोभाबाईंचा धाकटा भाऊ. राहतो वर्ध्याला नालवाडीत, नोकरी सेलूच्या एका पतसंस्थेत. एका दिवाळीत तो सिंदीला आला, गाद्यांच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "अरे वा, भाऊजी! भारी शौक लागला तुमाले. मले बी शिकवा नं."

मधुकररावांनी मोठ्या मनाने शिकवलं. माइक तोंडापासून किती लांब, 'प' म्हणताना मान कशी वळवायची, सगळं. त्या दिवशी त्यांना काय कमी आनंद होता! कोणीतरी विचारलं होतं. संक्रांत येईतोवर योगेंद्रकडे मोठा माइक, त्यासमोर जाळी, कानावर हेडफोन आणि गाण्यामागे बासरी. बासरी! ती कुठून आणली हे मधुकररावांना आजतागायत कळलेलं नाही. ग्रुपवर मेसेजांची झुंबड. 'क्या बात', 'अंगावर काटा आला', 'योगूमामा रॉक्स'. काकाजींनीसुद्धा या वेळी नीट चष्मा लावून 'अप्रतिम' लिहिलं.

त्या दिवसापासून मधुकररावांच्या पोटात काहीतरी सतत चुलीवर राहिलं. योगेंद्रचं नवीन गाणं आलं की वरवर ते हात जोडायचे आणि आत गाद्यांच्या खोलीत जाऊन कानात इयरफोनची बोंडं घालून तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचे. चुका शोधायला. एकदा दुसऱ्या कडव्यात योगेंद्रने मधेच श्वास घेतलेला सापडला. मधुकररावांना इतका हर्ष झाला की ते थेट स्वयंपाकघरात गेले.

"शोभे, ऐक. ऐकलं? मधातच दम घेतला त्यानं."

"मंग काय मरन का तो, दम नाई घेतला तं?" शोभाबाई भाकर थापत म्हणाल्या. आणि थापता थापता गुणगुणायला लागल्या. तेच गाणं. भावाचं.

त्या दिवशी मधुकररावांनी भाकर अर्धीच खाल्ली.

अंजूचं लग्न ठरलं. मुलगा सेलूचा, अश्विन नावाचा. सगळं रीतसर जमलं, आणि मधुकररावांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. मंगलाष्टकं आपल्या आवाजात व्हायची. लेकीवर अक्षता पडतील तेव्हा स्पीकरमधून बापाचा आवाज येत असेल. त्याहून मोठं आयुष्यात काय गायचं? दुकानात उशा मोजता मोजता ते ओळी जुळवत होते. मावश्या, आत्या, दोन्हीकडचे पणजोबा, कोणाचं नाव सोडलं नव्हतं. गाडीवाल्याला हिशेब सांगतानाही मधेच 'मंगलम्' निघून जायचं.

आणि एका रविवारी, जेवताना, सुटीला घरी आलेल्या अंजूने मामाला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, मंगलाष्टकं तूच म्हणजो हं. नाई म्हणू नको."

"अवं पण मी तं तुझ्या मागं उभा राहीन नं. मामाचं काम हाय ते. तिथं कुठं माइक पकडू?"

"म्हणूनच तं. आधी रेकॉर्ड करून ठेव. तू मागं उभा, आवाज स्पीकरमधून!"

मधुकररावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "अन मी?" हे त्यांनी कोणत्याच आवाजात म्हटलं नाही, म्हणजे ना दुकानातल्या, ना माइकवरच्या. तिसराच एक निघाला, बारीकसा.

"बाबा, तुमाले त्या दिवशी कायची फुरसत?"

रेकॉर्डिंग तर आधीच व्हायचं होतं! मग त्या दिवशीच्या फुरसतीचा संबंध काय? हा प्रश्न मधुकररावांना सुचला तो हात धुताना. तोवर कॉल संपला होता. पण खरं कारण त्यांना दुपारी कळलं. स्वयंपाकघराच्या दाराआड ते पाणी प्यायला थबकले होते आणि आत मायलेकी बोलत होत्या.

"बाबाचं रेकॉर्डिंग साफ असते व आई. पण दवाखान्यासारखं साफ. असं वाटते का घरी कोणीच नाई."

"हळू बोल. ऐकन तो."

ऐकलं होतं. मधुकरराव पाणी न पिता परत गेले.

पुढचं तर अजून भारी होतं. नालवाडीत योगेंद्रच्या शेजारी घर बांधणं सुरू होतं. दिवसभर फरशी कापायचं मशीन. दोन रविवार वाट पाहून योगेंद्रचा फोन आला. "भाऊजी, इथं तं माह्या डोक्यात फरशी बसून राह्यली. तुमच्या गाद्यांच्या खोलीतच करू. तुमच्यासारखी खोली अख्ख्या जिल्ह्यात नाई. अन रेकॉर्डिंग तुमीच सांभाळा."

म्हणजे ज्या गाण्यावरून जीव जळत होता तेच गाणं स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हाताने रेकॉर्ड करायचं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. लेकीचं लग्न.

योगेंद्र आला तो मोठा माइक, जाळी, हेडफोन असा सगळा लवाजमा घेऊन. मधुकररावांनी आपला छोटा माइक त्याआधीच खणात टाकला होता. नवी नवरी घरात आली की जुनी भांडी लपवतात तसा. अंजू घरीच होती, बाहेरच्या खोलीत पत्रिकांवर नावं घालत बसली होती. पंखा बंद झाला, कूलर बंद झाला. दोघांच्या डोक्याला ओले दुपट्टे.

"भाऊजी, तुमी तं अरबस्तानचे वाटून राह्यले."

"गाणं म्हण."

हात कपाटावर. टक. पत्रा गार आणि गप्प. "हं. सुरू."

योगेंद्र गायला. पहिलं कडवं गणपतीचं, दुसरं कुलदैवताचं. मधुकरराव हेडफोन लावून बसले होते. चुका शोधायला कान टवकारले होते, पण कानाने दगा दिला. आवाज चांगला होता. नुसता चांगला नाही, खरा होता. कुठे नाकात नाही, कुठे तूप नाही. योगेंद्र जसा बोलतो तसाच गात होता, आणि तिसऱ्या कडव्यात अंजूचं लहानपण आलं तेव्हा मधुकररावांना डोळे पुसावे लागले. आणि इथेच त्यांचं डोकं फिरलं. रडवलं तेही यानेच! आपल्या लेकीसाठी आपल्याला रडवायचं काम याने करावं?

शेवटचं कडवं राहिलं होतं. नेहमीच्या सवयीने मधुकररावांचा हात कपाटाकडे गेला. टक.

पत्र्यात मुंग्या.

मालगाडी होती. लांब होती अजून, पण भरलेली होती. ते त्यांना तळहाताला कळलं. कडवं अर्ध्यावर असताना ती मागे येणार हेही कळलं.

"काय भाऊजी? गाडी-गिडी?" माइक चालू ठेवून योगेंद्रने विचारलं.

मधुकररावांनी हात खाली घेतला. "नाई. म्हण तू."

योगेंद्रने डोळे मिटले आणि सूर लावला:

"ज्याने या सगळ्यांस गादि शिवली, तो बाप जागाच गे..."

मधुकररावांनी हेडफोनवर हात दाबला. हे कडवं आपल्यावर आहे हे त्यांच्या ध्यानात यायला एक ओळ गेली. दुसऱ्या ओळीला खोलीतल्या गाद्या हलल्यासारख्या झाल्या. तिसऱ्या ओळीला इंजिनाने असा भोंगा दिला की जणू वरातीत नाचायला आलंय. आणि मग मालाने भरलेल्या डब्यांच्या वाघिणी, एकामागून एक, धडधड धडधड. योगेंद्र थांबला नाही. डोळे मिटूनच गात राहिला. त्याचे ओठ 'शुभमंगल सावधान' म्हणताना मधुकररावांना दिसले, पण ऐकू आली ती फक्त गाडी.

ती गेली. खोली शांत झाली. मधुकररावांना पोट हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. स्वतःच्याच स्तुतीवर स्वतःच्या हाताने मालगाडी घातली होती.

"अरे रे," ते म्हणाले. "पुन्हा घ्या लागन."

"घेऊ," योगेंद्र म्हणाला. "हे ऐकून तं पाहू एकडाव."

स्पीकरवर लावलं तोच अंजू आत आली, हातात पेन तसंच. गाडीचा भोंगा आला आणि ती दारातच उभी राहिली. सगळ्या वाघिणी जाईस्तोवर हलली नाही.

"हेच ठेवा," ती म्हणाली.

"काय हेच ठेवा?" मधुकरराव उठले. "सावधान ऐकूच नाई आलं पोरी! आता पाच मिनिटात दुसरं होते. योगेंद्र, पाणी पी, बस माइकसमोर."

"नाई बाबा. मी लहानपणापासून या गाडीच्या आवाजात झोपली. नागपूरले मले झोप येत नाई, मालूम हाय? हेच पायजे मले. गाडीसकट."

"अवं पण लोक हसतीन! मंगलाष्टकात कुठं मालगाडी राह्यते का?"

ज्या माणसाने गाडी घुसवली तोच आता ती काढायला जिवाचं रान करत होता. शोभाबाई शेजारून परत आल्या, त्यांनी ऐकलं, आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "राहू दे नं. पोरीच्या मनात हाय तं." योगेंद्रने हेडफोन गुंडाळले. "मी घरी नेतो, साफसूफ करून आणतो," एवढंच म्हणाला.

लग्न सेलूच्या एका मंगल कार्यालयात, सकाळच्या मुहूर्ताचं. अंतरपाट धरलेला. अंजूच्या मागे योगेंद्र मामा, फेटा बांधून. मधुकरराव बाजूला, मुठीत अक्षता आणि डोक्यात तीच मालगाडी. रात्रीपासून येत होती, पोहोचत नव्हती.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला अक्षतांचा पाऊस. लोकं एकमेकांकडे पाहत होती, "कोण गाऊन राह्यलं जी?" आणि कोणीतरी बोट दाखवत होतं, "मामा. तो काय मागं उभा." प्रत्येक बोट मधुकररावांना आपल्या बरगडीत टोचल्यासारखं होत होतं.

मग शेवटचं कडवं. गादी शिवणारा बाप जागाच आहे म्हटल्यावर अर्धा मांडव वळून मधुकररावांकडे पाहायला लागला. कापसाचे व्यापारी, उधारीवाले, गाड्या ओढणारे, सगळे. मधुकररावांनी मान खाली घातली. आणि भोंगा वाजला.

"बाप्पा! सेलूत कुठून गाडी आली?" प्रमिलाबाई मोठ्याने म्हणाल्या. दोन पोरं खिडकीकडे धावली. स्पीकरमधून वाघिणी धडधडत गेल्या, कडवं त्यात बुडालं, आणि मग एकदम शांत. संपलं.

कोणालाच कळेना. अक्षता मुठीत तशाच. लग्न लावणारे महाराज अंतरपाटाच्या टोकाशी तोंड उघडून उभे, अजून एखादं कडवं आहे की काय या विचारात. बँडवाला काठी वर करून थांबलेला. मुहूर्त डोक्यावरून चाललेला. कुठे 'सावधान' होतं आणि कुठे संपलं, हे अख्ख्या मांडवात दोनच माणसांना माहीत होतं. एक अंजूच्या मागे उभा होता आणि फेट्याखालून सरळ मधुकररावांकडे पाहत होता. तोंड मिटून.

"सावधान!"

मधुकरराव ओरडले. हा माइकवरचा आवाज नव्हता. रिक्षावरून गादी उतरवताना "पकड बे, पडन!" म्हणतात तो होता, आणि तोही शेवटच्या अक्षराला चिरला. पण पोहोचला कोपऱ्यातल्या आचाऱ्यापर्यंत. अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला, बँडने एकदम कान फोडले. हार घालायच्या आधी अंजूने मान वळवून बापाकडे पाहिलं. हसत होती की रडत होती, मुंडावळ्यांमुळे नीट दिसलं नाही.

पाहुणे जेवून गेल्यावर घरच्यांची पंगत बसली. योगेंद्र मुद्दाम मधुकररावांच्या शेजारी येऊन बसला. पुऱ्या वाढून होईतोवर त्याने मोबाइल काढला आणि एक बोंड भाऊजींच्या कानात घातलं, एक स्वतःच्या.

"ऐका."

आधी योगेंद्रचा श्वास. मग टक. पोवळ्याची अंगठी पत्र्यावर. मग जराशी शांतता, योगेंद्रचं 'गाडी-गिडी?', आणि मग स्पष्ट, साफ, दवाखान्यासारखा साफ आवाज: "नाई. म्हण तू."

मधुकररावांनी बोंड कानातून काढलं.

"तुमीच शिकवलं मले," योगेंद्र म्हणाला. "हात ठेवल्याशिवाय म्हणाचं नाई. तुमच्या हाताले गाडी कळली नाई असं कधी झालं का, भाऊजी?"

"कधी समजलं तुले?"

"त्याच दिवशी. घरी गेलतो तं हेडफोन लावून ऐकलं."

"मंग काऊन नाई बोलला?"

"पोरीले पसंत पडलं होतं." योगेंद्रने मिठात बोट बुडवून चाटलं. "अन सावधान म्हणसान तं पहिल्या कडव्यातलं उचलून शेवटी चिटकवता आलं असतं. सारखंच तं हाय. दोन मिनिटाचं काम. नाई चिटकवलं."

"काऊन?"

"तुमाले म्हणाचं होतं नं."

मधुकरराव वरणात भात कालवत राहिले. लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्याही खालून ते जुनं, ओळखीचं काहीतरी पुन्हा चुलीवर चढायला लागलं. पहिल्या कडव्यातलं सावधान उचलून शेवटी लावता येतं, हे आपल्याला कसं सुचलं नाही? आणि सुचल्यावर न लावणं, तेही याला सुचावं? गाण्यात पुढे, बासरीत पुढे, आता माफ करण्यातही हाच पुढे! माणसाने मागे राहायचं तरी किती ठिकाणी?

"लय ओरडले तुमी पण," योगेंद्र म्हणाला. "व्हिडिओवाल्याचा माइक फाटला असन."

"माइक तुह्या बासरीनं फाटन. माह्या आवाजानं नाई."

"बरं जी."

वाढपी जिलबी घेऊन आला. योगेंद्रच्या पानात दोन पडल्या, मधुकररावांच्या पानात एक.

"अबे, इकडे काऊन एकच?" मधुकररावांचा दुकानातला आवाज मांडवभर गेला. वाढपी पुढे निघून गेला होता. योगेंद्रने आपल्यातली एक उचलून भाऊजींच्या पानात ठेवली.

मधुकररावांनी ती खाल्ली. त्याच्या हातून आली म्हणून जराशी कमीच गोड लागली, पण खाल्ली पूर्ण.